नाक्यावरचे मधले दिवस

नमस्कार.

'नाका' या शब्दापासून सुरुवात करते. मुंबईत वाढलेल्यांना नाका म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दोन रस्ते मिळतात, तिथे एक पानाची टपरी, एक वाण्याचं दुकान. सकाळी सात वाजता तिथे गवंडी, बिगारी, रंगारी डबे घेऊन काम मिळायची वाट बघत उभे असतात. संध्याकाळी त्याच जागेवर वस्तीतली पोरं उभी राहतात. आई विचारते, 'कुठे होतास?' आणि पोरगा म्हणतो, 'नाक्यावर.' एवढ्या उत्तरात आईला सगळं कळतं, आणि काळजी वाटायची असेल तर तीही तेवढ्यातच वाटते.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या पश्चिम भागात फेएट स्ट्रीट आणि मन्रो स्ट्रीट जिथे मिळतात, तो असाच एक नाका. 1993 साली डेव्हिड सायमन नावाचा वार्ताहर आणि एड बर्न्स नावाचा पोलीस खात्यातून निवृत्त झालेला अधिकारी त्या नाक्यावर जाऊन बसले. एखाद्या दिवसासाठी नव्हे, वर्षभर. हेरॉइन आणि कोकेन विकणारे, घेणारे, त्यांच्या आया, त्यांची मुलं, या सगळ्यांच्या मागे मागे ते फिरले. त्यातून 1997 साली पुस्तक झालं आणि पुस्तकावरून एचबीओ वाहिनीने सहा भागांची मालिका केली. 'द कॉर्नर' तिचं नाव. एप्रिल-मे 2000 मध्ये ती दाखवली गेली. तिला त्या वर्षीचे तीन एमी पुरस्कार मिळाले: उत्तम लघुमालिका, उत्तम दिग्दर्शन आणि उत्तम लेखन.

नंतर याच सायमन-बर्न्स जोडीने 'द वायर' ही मालिका केली. ती जगभर गाजली. आपल्याकडेही तिचे चाहते आहेत, इथेही काही बसले असतील. 'द कॉर्नर' मात्र तिच्या सावलीत राहिली. आज मी प्रामुख्याने या सावलीतल्या मालिकेबद्दल बोलणार आहे, कारण व्यसनाबद्दल पडद्यावर मी जे काही पाहिलं आहे, त्यात मला ती सगळ्यात खरी वाटते. मी सिनेमाची अभ्यासक नाही. व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून मी आयुष्याची बरीच वर्षं घालवली, त्यातली बहुतेक पेशंटच्या आयांशी आणि बायकांशी बोलण्यात गेली. त्या खुर्चीवरून मला ही मालिका जशी दिसली, तशी सांगते.

पडद्यावरचं व्यसन आपण कसं बघत आलो आहोत ते आठवा. दोन प्रसंग हमखास असतात. पहिला, चांगल्या घरचा मुलगा, वाईट संगत, पहिली पुडी. दुसरा, शेवटचा. फुटपाथवर पडलेला देह, आईचा आक्रोश. या दोन प्रसंगांच्या मध्ये एखादं गाणं असतं, त्यात दाढी वाढते, डोळे खोल जातात, घरातली भांडी नाहीशी होतात, आणि तीन मिनिटांत आपण शेवटाला पोचतो.

पण माझ्यासमोर बसलेल्या बाईचा नवरा त्या तीन मिनिटांत अकरा वर्षं राहिलेला असायचा! ती माझ्याकडे यायची ती त्या अकरा वर्षांतून. पहिली पुडी कोणी दिली हे तिला आठवतही नसायचं. शेवट तर झालेलाच नसायचा. होते ते मधले दिवस. एकामागून एक, सगळे एकसारखे. 'द कॉर्नर' या मधल्या दिवसांची मालिका आहे. म्हणून ती बघायला जड जाते आणि म्हणूनच ती मला मोलाची वाटते.

एक कुटुंब आहे. वडील गॅरी मॅक्युलो, आई फ्रॅन बॉइड, पंधरा वर्षांचा मुलगा डीआंद्रे. तिघेही खरे, नावंही खरी. आई-वडील वेगळे राहतात, दोघेही व्यसनात. मुलगा नाक्यावर माल विकतो. धाकटा एक भाऊ आहे, तो हे सगळं बघत मोठा होतोय. पहिल्या तीन भागांची नावंसुद्धा या तिघांवरून आहेत: 'गॅरीज ब्लूज', 'डीआंद्रेज ब्लूज', 'फ्रॅन्स ब्लूज' अशी. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाचं गाणं. त्यात ओळ पुन्हा म्हणतात. तीच ओळ, थोड्या वेगळ्या सुरात. व्यसनी माणसाच्या दिवसाला याहून नेमकं नाव मला तरी सुचलं नसतं.

गॅरीबद्दल थोडं सविस्तर बोलते. हा माणूस मूळचा कष्टाळू. एकाहून जास्त नोकऱ्या, बँकेत शिल्लक, शेअर बाजारात पैसे, मर्सिडीज गाडी. मालिकेत मधूनमधून जुना फेएट स्ट्रीट दिसतो, गॅरीच्या आठवणीतला. त्या रस्त्यावर मुलं खेळतायत, माणसं एकमेकांना हाका मारतायत. बाल्टिमोरच्या चाळवजा घरांची एक खूण आहे. एकाला एक चिकटून घरांची रांग, आणि प्रत्येक दारासमोर पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या. एके काळी बायका त्या पायऱ्या गुडघ्यावर बसून घासून लखलखीत करायच्या. आपल्याकडे सकाळी उंबरा धुऊन रांगोळी घालायचे तसंच. मालिका वर्तमानात येते तेव्हा त्याच पायऱ्यांवर गिऱ्हाइकाची वाट बघणारी पोरं बसलेली असतात.

मधल्या काळात काय झालं? गॅरी बिघडला म्हणून रस्ता बिघडला असं झालं नाही. बाल्टिमोरच्या जवळ स्पॅरोज पॉइंटला बेथलहेम स्टीलचा कारखाना होता. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तो जगातला सगळ्यात मोठा पोलाद कारखाना होता, तीस हजारांच्या आसपास माणसं तिथे कामाला होती. पुढे कामगार कमी होत गेले आणि 2012 साली तो कायमचा बंद पडला. शहराची लोकसंख्या 1950 साली सुमारे 9 लाख 50 हजार होती, 2000 साली ती 6 लाख 51 हजारांवर आली. ज्यांना जाणं शक्य होतं ते उपनगरांत गेले. कृष्णवर्णीयांना तिथे जायची वाट सहज मिळाली नाही. याच बाल्टिमोरने 1910 साली कोणत्या वस्तीत गोऱ्यांनी राहायचं आणि कोणत्या वस्तीत काळ्यांनी, याचा नगरपालिकेचा कायदा केला होता. अमेरिकेतला तसा तो पहिलाच. 1917 साली सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे मोडीत काढले, पण तोवर शहराच्या हाडात जी रेघ उमटली ती निकालाने पुसली नाही.

गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. 1982 च्या संपानंतर आपल्या गिरण्या गेल्या. गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, मुंबईत पसरली ती याच दशकात. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याजवळ नाही. पण परळ-लालबागच्या ज्या आया माझ्याकडे यायच्या, त्या मुलाची गोष्ट सांगायला सुरुवात करायच्या ती 'यांची गिरणी बंद पडली' या वाक्याने. गोष्टीची सुरुवात त्यांना तिथे दिसत होती, आणि ते मी ऐकलं आहे.

तर गॅरी आता काय करतो? भंगार गोळा करतो. रिकाम्या पडलेल्या घरांत शिरून तांब्याचे पाइप, पत्रे, तारा, जे मिळेल ते उपसायचं, ढकलगाडीत घालायचं, भंगारवाल्याच्या काट्यावर टाकायचं, दहा-वीस डॉलर घ्यायचे आणि नाक्यावर जायचं. मालिकेचा किती तरी वेळ या कामात जातो. ओझं, घाम, पोलीस येतील ही भीती, काट्यावरचा आकडा. हा माणूस आळशी नाही. तो दिवसभर राबतोय. ज्या शहराने पोलाद ओतलं, त्याच शहराची घरं आतून पोखरून किलोच्या भावाने विकली जातायत, आणि ते काम करणारा माणूस चांगल्या दिवसांत अशीच घरं विकत घेऊन दुरुस्त करायचा.

व्यसनी माणूस मजा मारतो, असं आपल्याला वाटतं. पहिले काही महिने कदाचित मारत असेलही. नंतर ते काम होतं. सुट्टी नसलेलं काम. हेरॉइन उतरायला लागलं की आठ-बारा तासांत नाक गळायला लागतं, अंग मोडतं, पोटात पिळे पडतात, एकदम घाम, एकदम थंडी. आपल्याकडच्या मुलांच्या बोलीत याला 'टर्की लागणं' म्हणतात. बाल्टिमोरच्या नाक्यावर म्हणतात, 'मी आजारी आहे'. आणि पुडी मिळाली की म्हणतात, 'बरं वाटलं'. हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मालिका थांबवली होती. नशा करायला निघालेला माणूस स्वतःच्या मनाशी नशा करायला निघालेला नसतोच. तो औषध आणायला निघालेला असतो. 'तुला एवढी मजा सोडवत नाही का?' असं आई मुलाला विचारते, तेव्हा तिथे दोन वेगळ्या भाषा चालू असतात. माझ्या खोलीत मी हे हजार वेळा पाहिलं आहे.

सकाळचं एक दृश्य आहे, तेही सांगते. नवा माल आला की विकणारे जाहिरातीसाठी थोड्या पुड्या फुकट वाटतात. त्याला 'टेस्टर' म्हणतात. बातमी पसरते आणि गल्लीबोळांतून माणसं धावत सुटतात. म्हातारे, लंगडे, पोटुशा बाया. रांग लागते. आरडाओरडा नाही, सगळे शिस्तीत. या रांगेतल्या माणसांना दिवसभरात इतकं नीट, इतकं वेळेवर आणि इतकं विनाअट दुसरं कोणी काही देत नाही. शहराचा दवाखानाही देत नाही.

आता फ्रॅनकडे येते. माझ्या मते मालिकेचा जीव तिच्यात आहे. खांडी अलेक्झांडर या अभिनेत्रीने ती उभी केली आहे. ती व्यसनी आहे आणि आईही आहे, आणि दोन्ही एकाच वेळी पुरेपूर आहे. बहुतेक ठिकाणी आईला एक तर देवी करतात, नाही तर चेटकीण. फ्रॅन मुलाने लपवलेला माल चोरते आणि त्याच मुलाने शाळेत जावं म्हणून त्याच्याशी जिवाच्या आकांताने भांडते. या दोन्हींत तिला काही विसंगत वाटत नाही. आपल्यालाही हळूहळू वाटेनासं होतं.

एक दिवस ती ठरवते, बस. सोडायचं. उपचारकेंद्राकडे जाते. आणि तिथे तिला सांगतात, आज बेड नाही.

मी इथे थोडी थांबणार आहे. आपल्याकडे सगळा भर 'इच्छाशक्ती' या शब्दावर असतो. मनात आणलं तर सोडता येतं, असं शेजारी सांगतात, डॉक्टर सांगतात, भाषणात पुढारी सांगतात. फ्रॅनने मनात आणलं होतं. व्यसनी माणसाच्या मनात येणं म्हणजे काय हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना माहीत आहे, ते मन रोज येत नाही. ते काही तासांपुरतं येतं. पुढच्या टर्कीपर्यंत. तेवढ्या तासांत दार उघडं सापडलं तर सापडलं. फ्रॅनला ते बंद सापडलं. 'पुन्हा विचारा' असं सांगितलं गेलं. म्हणजे तिने परत त्याच घरात जायचं, जिथे तिची भावंडं पुड्या फोडून बसली आहेत, त्याच नाक्यावरून, आणि मन तसंच ताजं ठेवून पुन्हा यायचं. निरोगी, पोटभर जेवलेल्या, सुशिक्षित माणसालाही सरकारी कचेरीत 'उद्या या' ऐकलं की दुसऱ्या दिवशी जायचा कंटाळा येतो. आणि आपण हिच्याकडून अपेक्षा करतो!

माझी एक आठवण आहे. खूप वर्षं झाली त्याला. एक बाई, घरकाम करणाऱ्या, सकाळी सहाच्या सुमाराला नवऱ्याला रिक्षात घालून आल्या. तो रात्री स्वतः म्हणाला होता, 'मला ने, आत्ता ने.' मी ज्या ठिकाणी तेव्हा काम करत होते तिथे वॉर्ड भरलेला होता. नियमाप्रमाणे मीच त्यांना सांगितलं, 'ताई, सोमवारी या.' तो गुरुवार होता. बाईंनी वाद घातला नाही. 'बरं मॅडम' म्हणाल्या आणि रिक्षा वळवली. सोमवारी त्या आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात एकट्या आल्या, तो कुठे आहे हे कळायला काही मार्ग आहे का, विचारायला. फ्रॅनच्या समोर टेबलापलीकडे बसलेली ती कर्मचारी मी बघते तेव्हा मला तिचा राग येत नाही. मी ती खुर्ची ओळखते.

मालिकेने हा प्रसंग मोठा केलेला नाही. संगीत नाही, आक्रोश नाही. एक नकार, आणि मग फ्रॅन परत नाक्यावर. म्हणून तो इतका लागतो.

पुढे तिला जागा मिळते. ती आत जाते, शरीरातून विष उतरतं, ती स्वच्छ होऊन बाहेर येते. दुसरी कुठली मालिका असती तर इथे संपली असती. इथे ती त्याच पत्त्यावर परत येते. आणि घसरते. आपल्याकडे याला 'स्लिप झाला' म्हणतात. मग पुन्हा प्रयत्न. एक वैद्यकीय गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती जीव वाचवणारी आहे. काही आठवडे माल बंद असला की शरीराची सहन करायची ताकद कमी होते. घसरलेला माणूस पूर्वीइतकंच घेतो आणि ते आता त्याला पेलत नाही. उपचारकेंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सगळ्यात धोक्याचे. घरच्यांना वाटतं, आता सुटला, आता निर्धास्त झालो! नेमकं तेव्हाच डोळ्यांत तेल घालून राहायला हवं.

दिग्दर्शकाबद्दल दोन शब्द. चार्ल्स डटन याच शहरातला, अशाच रस्त्यांवर वाढलेला. तरुणपणी एका मारामारीत माणूस मेला आणि तो तुरुंगात गेला. तुरुंगातच त्याच्या हातात नाटक आलं, आणि पुढे तो येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत शिकला. मालिका सुरू होते तेव्हा तो स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोलतो. पुढे कॅमेऱ्यामागून पात्रांना प्रश्न विचारतो, जणू माहितीपटच चालू आहे. एखादं पात्र उत्तर देतं, एखादं चिडतं, एखादं नजर चुकवतं. प्रश्न विचारणारा आवाज कधीच वरच्या पायरीवरून येत नाही. समुपदेशनाच्या वर्गात मला हे शिकवायला दोन वर्षं लागली असती.

मालिकेवर आक्षेप आहेत, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. कृष्णवर्णीय वस्ती म्हणजे सुया, पुड्या आणि तुरुंग, हे चित्र अमेरिकन टीव्हीने आधीच इतकं रंगवलं आहे, त्यात ही भर कशाला? तिथे कामाला जाणारी, चर्चला जाणारी, मुलांचा अभ्यास घेणारी माणसं राहत नाहीत का? राहतात. गॅरीचे आईवडील तसेच आहेत. मुलांसाठी खेळाचं केंद्र चालवणारी एला थॉम्पसन तशीच आहे. पण मला वाटतं त्यांच्या वाट्याला मालिकेत वेळ कमी आला. एला रोज संध्याकाळी केंद्राचं कुलूप उघडते. त्या कुलूप उघडण्यात जी चिकाटी आहे तिच्यावर एक पूर्ण भाग हवा होता. दर वेळी बघताना मला ही उणीव टोचते.

तरी, झाकून ठेवण्याच्या बाजूने मी नाही. 1980 च्या दशकात गर्द आपल्याकडे आली तेव्हा 'आपल्या घरात असलं नसतं' असं म्हणून किती घरांनी मुलं गमावली! तेव्हा डॉ. अनिल अवचटांनी त्या मुलांमध्ये बसून, त्यांचं ऐकून लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि 1986 साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा अवचटांच्या हाताखाली 'मुक्तांगण' उभं राहिलं. लिहिण्यातून वॉर्ड उभा राहिला. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. सायमन आणि बर्न्स नाक्यावर जाऊन बसले, तेव्हा ते याच जातीचं काम करत होते. जवळ बसायचं, घाई करायची नाही, आणि समोरच्याचं नाव घ्यायचं. आपल्याकडे मात्र रस्त्यावर दिसला की सरसकट 'गर्दुल्ला' म्हणतात. वर्तमानपत्रंही म्हणतात. हा शब्द मी माझ्या विद्यार्थ्यांना वापरू देत नाही. त्या शब्दात शिरलं की माणसाला काल नसतो, उद्या नसतो, आई नसते.

डीआंद्रेबद्दल मी फार बोलणार नाही, त्याच्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. एवढंच सांगते की तो हुशार आहे, बोलका आहे, आणि पंधराव्या वर्षी त्याला नोकरीपेक्षा नाका जास्त पैसे देतो, हा हिशेब त्याने बरोबर केलेला आहे. चूक असेल तर हिशेबात नाही, त्याच्यासमोर ठेवलेल्या आकड्यांत आहे.

आता 'द वायर'कडे वळते, एकाच माणसासाठी. 2002 ते 2008, पाच पर्वं, साठ भाग. त्यात बबल्स नावाचा एक व्यसनी आहे, आंद्रे रोयो या नटाने केलेला. पोलिसांना खबरा देतो, ढकलगाडीवरून टोप्या आणि टीशर्ट विकतो, भंगार उचलतो. गॅरीची ढकलगाडीच जणू पुढे आली आहे. दोन तासांच्या सिनेमात हे पात्र विनोदापुरतं राहिलं असतं. साठ भागांचा अवकाश मिळाला म्हणून त्याला मधले दिवस मिळाले.

बबल्स शेरॉड नावाच्या एका अनाथासारख्या पोराला जवळ करतो, त्याने शाळेत जावं म्हणून धडपडतो. एक गुंड बबल्सला रोज मारून लुबाडतो, म्हणून त्या गुंडासाठी बबल्स विषारी पुडी तयार करून ठेवतो. ती पुडी शेरॉड घेतो. सकाळी बबल्स त्याला उठवायला जातो. त्यानंतर बबल्स पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा कबूल करतो आणि तिथे फास लावून घ्यायचा प्रयत्न करतो. शिक्षा मिळावी म्हणून आलेला माणूस. पोलीस त्याला शिक्षा देत नाहीत, उपचाराला पाठवतात.

शेवटच्या पर्वात तो बहिणीच्या घरी तळघरात राहतोय. व्यसन सोडून बरेच महिने झालेत. तरी बहीण वरच्या मजल्याचं दार आतून बंद ठेवते. तिचं काही चुकलेलं नाही. पूर्वी त्याने तिच्या घरातलं काय काय नेलं असेल ते तिला ठाऊक आहे. कुटुंबांशी बोलताना मी हे दार नेहमी आठवते. सगळे मला विचारायचे, 'त्याच्यावर विश्वास कधी ठेवायचा?' तारीख सांगता येत नाही. बबल्सही मागत नाही. तो खाली राहतो. दुसऱ्या व्यसनी माणसांच्या सभेत उभा राहून एक दिवस शेरॉडबद्दल बोलतो, पहिल्यांदाच. आणि मालिकेच्या अगदी अखेरीस, एवढं सगळं राजकारण, खून, निवडणुका होऊन गेल्यावर, काही क्षणांचं एक दृश्य येतं. दार उघडं आहे. तो पायऱ्या चढून वर येतो आणि बहिणीबरोबर जेवायला बसतो. बाकी काही नाही. ताटावर बसणं म्हणजे काय, हे आपल्या घरांना सांगावं लागत नाही.

खऱ्या माणसांचं पुढे काय झालं, हे मध्यंतरात कोणीतरी विचारलं. गॅरी 1996 साली गेला, जास्त मात्रा होऊन. त्याच्यावरचं पुस्तक छापून आलेलं त्याने पाहिलं नाही. डीआंद्रेने 'द वायर'मध्ये छोटी भूमिका केली, बरेचदा सावरला, बरेचदा पडला, आणि 2012 साली पस्तिसाव्या वर्षी गेला. त्याचं वय वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते, कारण मालिकेतला तो पंधराचाच होता आणि माझ्या मनात तेवढाच राहिला होता. फ्रॅन 1995 पासून व्यसनाबाहेर राहिली. इतरांना उपचारापर्यंत पोचवायला तिने पुढे मदत केली. ज्या दारातून ती परत आली होती तसल्या दारांपाशी दुसऱ्यांना घेऊन जायचं काम. मालिकेच्या शेवटच्या भागात ती स्वतः दिसते. नटी नव्हे, खरी फ्रॅन, मुलाबरोबर आणि नाक्यावरच्या दुसऱ्या दोघांबरोबर डटनसमोर बसून बोलताना. सहा भाग जिला आपण कोसळताना पाहिलं ती समोर बसून शांतपणे उत्तरं देते, तेव्हा कळतं की आपण बघत होतो ते खरोखरच मधले दिवस होते, आणि ते चालू असताना तिच्या पुढच्या दिवसांबद्दल कोणालाच, तिलासुद्धा, काही माहीत नव्हतं.

माझं बोलणं इथे थांबवते. दिवे घालवायला सांगते, कारण आता फ्रॅन बेड मागायला जाते तो प्रसंग दाखवायचा आहे. इंग्रजी बोली जड आहे, सगळे शब्द कळणार नाहीत, त्याची चिंता करू नका. फ्रॅनच्या चेहऱ्याकडे तर तुम्ही बघालच. एकदा टेबलामागच्या बाईकडेही बघा.